हरलेल्या सामन्याचें मोल

सामना हातचा गेला असें दिसूं लागलें, कीं आमचीं भांडुपचीं मुलें विचारतात, "सर, आतां खेळून काय उपयोग?" या प्रश्नाचें उत्तर विजय हजारे यांच्या चरित्रांत आहे, असें आम्हांस वाटतें.

हजारे यांचा जन्म १९१५ सालीं सांगली येथें एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरीं झाला. ऐन तारुण्यांत महायुद्ध पेटलें आणि कसोटी सामने बंद पडले. १९३६ नंतर हिंदुस्थानचा संघ कसोटी खेळला तो एकदम १९४६ सालीं. तेव्हां हजारे ३१ वर्षांचे होते. कित्येकांचें दैव याहूनहि कठोर ठरलें. मेलबर्न क्लबचा फुटबॉलपटु रॉन बरासी १९४० सालीं विजेत्या संघांत खेळला व पुढच्याच वर्षीं टोब्रुक येथें रणांगणावर पडला.

युद्धकाळांत मुंबईचे पंचरंगी सामने मात्र चालूं होते. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन असे धर्म-जातींवर पाडलेले चार संघ. या चोहोंत न बसणारे ते 'इतर'. हजारे या 'इतरां'पैकीं. १९४३ च्या डिसेंबरांत ब्रेबर्न मैदानावर अंतिम सामन्यांत हिंदूंनीं ५ बाद ५८१ धांवा केल्या. इतरांचा पहिला डाव १३३ वर आटोपला. दुसऱ्या डावांत पराभव दारांत उभा असतां हजारे यांनीं संघाच्या ३८७ पैकीं ३०९ धांवा एकट्यानें केल्या! बंधु विवेक यांच्यासह त्यांनीं ३०० धांवांची भागी रचली. तींत विवेक यांच्या अवघ्या २१. सामना एक डाव व ६१ धांवांनीं गेलाच. परंतु त्या २१ धांवांस आम्ही लहान म्हणणार नाहीं. दुसरें टोंक कोणी धरलें नसतें, तर पहिलें टोंक काय कामाचें?

१९४८ सालीं अ‍ॅडलेड येथें ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध हजारे यांनीं दोन्ही डावांत शतकें केलीं, ११६ आणि १४५. तोहि सामना आपण डावानें हरलों. अखेर १९५२ च्या फेब्रुवारींत मद्रास येथें भारतानें इंग्लंडला नमवून आपला पहिला कसोटी विजय मिळविला. त्या संघाचे कर्णधार हजारेच होते. पंचरंगी सामने तोंवर कायमचे बंद झाले होते, आणि एके काळचा 'इतर' साऱ्या देशाचा नायक झाला होता.

विद्यार्थी मित्रहो, धांवफलक पाहून बॅट खालीं ठेवूं नका. आणि मोठ्या धांवा दुसऱ्याच्या नांवावर लागत असतील, तर आपलें टोंक सोडूं नका.