एका पातेल्याचें जेवण

आमची सहधर्मचारिणी निवर्तल्यावर उतारवयांत पाकविद्येचें आमचें अध्ययन सुरू झालें. त्यांतील जें थोडें साधलें तें नातवंडांस द्यावें, म्हणून गेल्या मार्गशीर्षांत आम्हीं त्यांस नदीकांठीं नेऊन चकोल्या केल्या.

तीन दगडांची चूल मांडून तिचें तोंड वाऱ्याकडे ठेवावें. पातेल्याच्या बुडास बाहेरून ओली माती सारवावी, म्हणजे काजळी घासण्याचे श्रम वांचतात. फोडणी करून तींतच भिजविलेली तुरीची डाळ शिजवावी. चिंच मागाहूनच घालावी, कारण आंबट पाण्यांत डाळ लवकर मऊ होत नाहीं. हा दंडक आमच्या घरीं तिनेंच घातलेला. मग गूळ, मीठ व गोडा मसाला. रस खळखळूं लागला कीं कणकेच्या पातळ पोळीचे तुकडे एकेक सोडावे. एकदम टाकल्यास त्यांचा गोळा होतो.

थोरला नातू म्हणाला, “आजोबा, हा तर आपला पास्ताच!” उपमा अस्थानीं नव्हती. इटलींत कठीण जातीच्या गव्हाचा पास्ता करतात. रसांतच शिजविल्यास त्यांतील पिष्ट उतरून रस दाट होतो. चकोल्यांचेंही तेंच.

कृति पुस्तकांतही सांपडते. परंतु जाळ केव्हां मागें ओढावा हें शेजारीं बसूनच शिकावें लागतें. ज्या वाचकांस नातवंडें आहेत त्यांनीं एकवार पळी हातीं घ्यावी. गेलेल्या माणसाच्या हाताची चव अशीच मागें राहते, तसबिरींत ती उतरत नाहीं.