फुलांच्या गावातली लाज

मुदखेडच्या मळ्यांत फुलांची तोडणी अंधारातच सुरू होते. गुलाब, काकडा, गलांडा, शेवंती. ऊन चढायच्या आत माल नांदेडच्या बाजारात पोचला पाहिजे. त्याच अंधारात, त्याच बांधांच्या आडोशानं आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या परसाकडे जात आल्या. उजाडायच्या आत परतायचं. चुकलंच तर दिवेलागणीपर्यंत कळ सोसायची. लग्नघरी पाणीसुद्धा बेतानं प्यायचं. आजी म्हणायची, "बाईमाणसाला तहान लागत नसती, माय." गडीमाणसं मात्र दिवस वर आल्यावर टमरेल घेऊन रेल्वेच्या रुळांकडे निघायची, वाटेत गप्पाही रंगायच्या. देहधर्म दोघांचा सारखाच. लाज तेवढी बाईच्या पदरात.

रूथ बेनेडिक्ट या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९४६ मध्ये जपानवर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावात शेवंती आहे आणि तलवारही. महायुद्धाच्या काळात, जपानला न जाताच केलेल्या अभ्यासातून त्यांनी दोन तऱ्हेचे समाज मांडले: लोकांच्या नजरेला लाजून नीट वागणारा आणि मनातल्या टोचणीमुळे नीट वागणारा. पुढच्या अभ्यासकांनी त्यात भीतीची भर घातली. पूर्वेची लाज, पश्चिमेची टोचणी, ही वाटणी सुबक खरी. पण आमच्या गावात तिन्ही एकाच गल्लीत नांदतात. कोणता समाज कशानं चालतो, यापेक्षा मला दुसरा प्रश्न छळतो. कोण कुणाला कशानं चालवतं?

आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, २०००-०१ साली, राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावं ईर्ष्येनं कामाला लागली, संडास बांधले गेले, कितीतरी बायकांची अंधाराची वाट सुटली. हे ऋण मी मानते. पण हागणदारीमुक्तीच्या त्याच वाटेवर पुढे, सकाळी उघड्यावर जाणाऱ्यांना गाठणारी 'गुड मॉर्निंग पथकं' उभी राहिली. गुन्हा दाखल होण्याचा धाक ही भीती. आणि टमरेल घेऊन निघालेल्याच्या हाती गुलाब देऊन त्याचा फोटो काढणं ही लाज. देवाला वाहायचं, नवरीच्या केसांत माळायचं फूल कुणाला खाली मान घालायला लावण्यासाठी वापरावं, हे फुलांच्या गावच्या लेकीला कसं सोसावं?

आणि गुलाब मिळाला कुणाला? ज्याच्या घरात चूल पेटवून अंग टाकायलाही जागा पुरत नाही, त्याला. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात प्यायचा हंडा भरत नाही, तिथं संडासात ओतायला बादली कुठून आणायची? बंगल्यातल्या माणसाला हा गुलाब कधी घ्यावा लागला नाही. लाजेचं असंच असतं. उताराकडे धावणाऱ्या पाण्यासारखी ती सगळ्यांत खालच्या माणसापाशी जाऊन साचते.

ज्यांच्या नावानं अभियान चाललं त्या गाडगेबाबांची (१८७६–१९५६) रीत निराळी. गावात शिरले की खराटा हाती घेऊन स्वतः झाडू लागायचे आणि रात्री कीर्तनात प्रश्नांमागून प्रश्न विचारायचे. प्रश्न साऱ्या गावाला असत. सावकाराला तेच, मजुरालाही तेच. आपली घाण दुसरा कुणी निमूटपणे उचलतो आहे हे दिसलं की आत काहीतरी हलतं. त्यासाठी पहारा लागत नाही.

भीती पहारेकऱ्याबरोबर निघून जाते. लाज नाल्यापलीकडचा आडोसा शोधते. टोचणी टिकते, पण ती कुणाच्या हातात देता येत नाही. माणसाला माणूस म्हणून वागवलं तरच ती त्याच्या आत जागी होते. म्हणून ज्याला बदलायला सांगायचं, त्याच्या दारी आधी पाणी पोचवावं, त्याला हक्काची जागा द्यावी, त्याच्याबरोबर खराटा धरावा. प्रश्न विचारायचा अधिकार त्यानंतरचा. आणि पहिला प्रश्न ज्यांच्या घरी नळाला पाणी आहे त्यांनाच विचारावा: शेजारी तहानलेला असताना आपल्याला लाज कशी वाटली नाही?