बाराही नाही, वीसही नाही

बंदूक म्हटलं की माझ्या डोक्यात एकच आकडा यायचा: बारा. चिपळूणकडच्या आमच्या गावात रानडुकरांपासून शेत राखायला परवान्याची बंदूक ज्यांच्याकडे होती, त्यांची ती बारा बोरचीच. शिकार 1972च्या कायद्याने बंद झालेली, त्यामुळे बंदूक म्हणजे खुंटीला टांगलेली आणि दसऱ्याला पुसली जाणारी वस्तू, एवढंच ज्ञान. पुढे नोकरीने मिनेसोटात आलो आणि शेजार असा मिळाला की तिथे बाराचं कौतुक नाही, वीसचं तर नावही काढायची सोय नाही.

शेजारी निवृत्त शिक्षक आहेत, शाळेत सुतारकाम शिकवायचे. सत्तरी ओलांडली आहे. मी मनातल्या मनात त्यांना म्हातारबा म्हणतो. दर शरद ऋतूत ते आपला सेटर कुत्रा गाडीत घालतात आणि उत्तरेला चिपेवा राष्ट्रीय वनात रफ्ड ग्राउजच्या मागे जातात. हा पक्षी आपल्या तित्तराच्या गोतातला, पण अंगाने थोराड. वजन साधारण अर्धा ते पाऊण किलो. एकदा मला म्हणाले, "नुसता चालायला ये. आवडलं तर पुढचं बघू." मी गेलो, आवडलं, आणि पुढचं बघायची वेळ आली तेव्हा गोंधळ सुरू झाला.

31 डिसेंबर 1979 नंतर जन्मलेल्याला इथे शिकारीचा परवाना काढायचा तर सहसा आधी बंदूक-सुरक्षेचा अभ्यासक्रम करावा लागतो. मी त्यात बसतो. वर्गात बरीचशी बारा-तेरा वर्षांची पोरं, आणि मागच्या बाकावर मी. शिकवणाऱ्यांनी टेबलावर काडतुसं मांडली: लाल ती बाराची, पिवळी ती वीसची. वीसचं काडतूस पिवळंच का, तर ते चुकून बाराच्या नळीत पडलं तर घसरत पुढे जातं आणि मध्येच अडकतं. मागून बघणाऱ्याला नळी रिकामी दिसते. तो बाराचं काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी फुटते, बहुधा डाव्या हाताच्या पंजाखालीच. रंग दुरून ओळखू यावा म्हणून पिवळा. हे ऐकून पोरंही गप्प झाली. मग मी विचारलं, "आणि सोळाचं?" गृहस्थ हसले. "कोणाच्या आजोबांची बंदूक आहे?"

म्हातारबांची होती. त्यांच्या आजोबांचीच.

आता हे आकडे. बारापेक्षा सोळा मोठा, म्हणून सोळाची नळी रुंद असेल असं कोणालाही वाटेल. उलटं आहे. नळीच्या तोंडात नेमका बसेल असा शिशाचा गोळा घ्यायचा आणि असे किती गोळे मिळून एक पौंड भरतो ते मोजायचं. बारा भरले तर बारा, सोळा भरले तर सोळा. गोळे जास्त म्हणजे प्रत्येक गोळा लहान, म्हणजे नळी अरुंद. बाराची नळी साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास, सोळाची पावणेसतरा, वीसची साडेपंधराला थोडी वर. हे पचतंय तोवर फोर-टेन नावाची बंदूक समोर आली. मी लगेच हिशेब मांडायला लागलो की पौंडाचे चारशेदहा गोळे म्हणजे मोहरीएवढे. तर म्हणे तिथे हा नियमच लागू नाही. ते इंचातलं माप आहे, एक इंचाचे 410 सहस्रांश. मी वही मिटली.

ती पुन्हा उघडली म्हातारबांनी, त्यांच्या गॅरेजमध्ये. एका पौंडात औंस किती? सोळा. म्हणजे सोळाच्या नळीत बसणारा गोळा बरोबर एक औंसाचा, आपल्या मापाने 28 ग्रॅमला जरा वर. आणि सोळाच्या बंदुकीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा भरणाही एक औंसच. साडेसात नंबरचे बारीक छर्रे घेतले तर एका औंसात साडेतीनशेच्या आसपास येतात. "आकडा आपणहून जुळतो," ते म्हणाले, जसं काही हे त्यांनीच जुळवून आणलं होतं. मग बर्मिंगहॅमचे प्रसिद्ध बंदूककार ग्रीनर यांच्या नावावर सांगितला जाणारा नियम आला: बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या 96 पट असावं. त्याहून हलकी असेल तर खांद्याला धक्का सोसत नाही, जड असेल तर उगाच ओझं. एका औंसाच्या 96 पट म्हणजे सहा पौंड, म्हणजे सुमारे 2.7 किलो. त्यांची बंदूक तेवढीच होती. मी खरंच तोलून पाहिलं. भारतात जाताना बॅगा तोलायचा हातकाटा घरात होताच. त्यांना हा काटा इतका आवडला की महिनाभर परत मिळाला नाही.

बंदूक फॉक्स कंपनीची, स्टर्लिंगवर्थ, फिलाडेल्फियात बनलेली दुनळी. नळ्या शेजारीशेजारी. कोरीवकाम जवळजवळ नाही, दस्त्यावरचं पॉलिश उडालेलं. दिसायला अगदीच साधी, पण हातात घेतली की कळतं. फॉक्सने सोळाची आणि वीसची बंदूक एकाच लहान सांगाड्यावर बांधली होती. ही बाब महत्त्वाची आहे, कारण सोळाचे गोडवे गाणारे बरेच जण ती विसरतात. काही कंपन्यांनी बाराच्याच सांगाड्यावर सोळाच्या नळ्या चढवून बंदुका विकल्या. त्यात वजन वाचत नाही, फक्त काडतुसं मिळेनाशी होतात. अशा बंदुकीवर प्रेम करायला वेगळंच कारण लागेल.

वजनाचं एवढं काय, हे गॅरेजमध्ये कळलं नव्हतं, रानात कळलं. ग्राउज राहतो तो तोडणीनंतर उगवलेल्या ॲस्पेनच्या कोवळ्या, दाट झाडीत. खोडं मनगटाएवढी, अंतर एवढं कमी की आडवं होऊन शिरावं लागतं. पायाखाली पडलेली लाकडं, बूट ओले, चेहऱ्यावर फांद्यांचे फटके. नारिंगी जाकीट घातलेले म्हातारबा दहा पावलांवर असून दिसत नाहीत. बंदूक खांद्याला अडकवून चालत नाही. दोन्ही हातांत, छातीसमोर, तयारीत धरावी लागते. पहिल्या तासात बाराची आणि सोळाची बंदूक सारखीच वाटते. दुपारनंतर अर्ध्या किलोचा फरक दंडात उतरतो, आणि नेमका पक्षी उठतो तेव्हा हात एका क्षणाने मागे राहतो. तो उठतोही असा की पानांखाली कोणी मोटारसायकल सुरू केली! तुम्ही दचकेपर्यंत तो झाडांआड. वीस-पंचवीस पावलांवरचा नेम, नाहीतर नाहीच. इतक्या जवळून, एवढ्याशा पक्ष्यासाठी छर्ऱ्यांचा जड भरणा लागत नाही. म्हणजे दिवसात वाहायचं सहा तास आणि उडवायचं दोन-चार वेळा. मग बंदूक वाहण्यासाठीच बनलेली का नसावी? सोळाच्या बाजूने मी ऐकलेल्यातला हा एकच मुद्दा मला शंभर टक्के पटला.

पण मग वीस का नाही? ती तर आणखी हलकी, आणि तिच्यातही एक औंसाचं काडतूस मिळतं. हे विचारल्यावर म्हातारबांनी दोन काचेच्या नळ्या आणून त्यांत मोहरी भरली. (शिक्षक कधी निवृत्त होत नाही.) तेवढीच मोहरी अरुंद नळीत उंच चढते. दारू पेटली की तळाचे छर्रे वरच्या सगळ्यांच्या ओझ्याखाली चेपतात, कडेचे नळीला घासून सपाट होतात. चेपलेला छर्रा सरळ जात नाही, मागे रेंगाळतो. सोळात तोच औंस बुटका आणि ऐसपैस बसतो, म्हणून फवारा एकसारखा पडतो. वीससारखी वाहावी आणि बारासारखी लागावी, ही सोळाची अमेरिकेतली जुनी जाहिरात.

ऐकायला छान. पण छर्ऱ्यांभोवती प्लॅस्टिकची वाटी आली त्यालाही आता कित्येक दशकं झाली. ती वाटी छर्रे नळीला घासू देत नाही, आणि वीसमधलं नुकसान बरंचसं भरून निघालं. नेमबाजीच्या क्लबात हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर मी दोन्ही चालवल्या. चुकलेल्या चकत्यांत मला काही फरक दिसला नाही. हे मी म्हातारबांना सांगितलं, तर म्हणाले, "चकतीला पिसं नसतात." हे उत्तर नव्हतं, पण मी वाद वाढवला नाही.

त्या चकत्यांमागेच सोळाच्या पडत्या काळाची गोष्ट आहे आणि मला ती सगळ्यात मजेशीर वाटते. स्कीट हा नेमबाजीचा खेळ मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी निघाला, आणि काढला कोणी तर ग्राउजच्या शिकाऱ्यांनीच. हंगाम नसताना हात गंजू नयेत म्हणून चार्ल्स डेव्हिस आणि मंडळी चकत्या उडवायला लागली. विल्यम हार्नडेन फॉस्टर यांनी तो खेळ घडवला. ग्राउजच्या शिकारीवरचं गाजलेलं पुस्तक लिहिणारे तेच. 1926मध्ये खेळाला नाव मिळालं. पुढे स्पर्धांचे गट ठरले ते बारा, वीस, अठ्ठावीस आणि फोर-टेन असे. सोळासाठी वेगळा गटच नाही. ज्याला स्पर्धा खेळायची तो सोळा कशाला घेईल? आणि गिऱ्हाईक नाही तर कारखाने तरी तिच्यावर कशाला डोकं खपवतील? सोळाहून कितीतरी नाजूक अठ्ठावीस या खेळाच्या जिवावर तगली, आणि ग्राउजवाल्यांची लाडकी सोळा ग्राउजवाल्यांच्याच खेळाने मागे पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर वीसला लांब, जास्त भरण्याची मॅग्नम काडतुसं मिळाली, तेव्हा उरलासुरला गाळाही भरला. 1991पासून अमेरिकेभर बदकांवर शिशाचे छर्रे बंद झाले. पोलादी छर्रे हलके, म्हणून आकाराने मोठे घ्यावे लागतात आणि त्यांना जागा लागते. तिथे बारा जिंकली.

जुन्या सोळात आणखी एक खोच आहे. महायुद्धाआधीच्या अनेक अमेरिकन सोळांचं काडतुसाचं घर 65 मिलिमीटरचं, आजची काडतुसं 70ची. न बसणारं काडतूस आत जाणारच नाही, असं माझ्या इंजिनियरी डोक्याला वाटलं. जातं. कारण ही लांबी उडालेल्या, तोंड उलगडलेल्या काडतुसाची असते. दुमडलेल्या तोंडाचं नवं काडतूस आखूड घरात निवांत बसतं. उडवल्यावर तोंड उलगडायला पुढे जागा नसते आणि दाब वाढतो. म्हणून म्हातारबांनी कारागिराकडून घर मोजून घेतलं आहे आणि आखूड काडतुसं मागवतात. नेहमीच्या दुकानात लाल-पिवळ्या खोक्यांच्या भिंती उभ्या असतात, सोळाची जांभळी खोकी असली तर तळाच्या फळीवर. ती दिसली की म्हातारबा गरज असो नसो उचलतात. तळघरातला साठा पाहून त्यांची बायको म्हणते, एवढे ग्राउज अख्ख्या मिनेसोटात नाहीत. या खोक्यांच्या किमतीत 11 टक्के केंद्रीय कर असतो, आणि 1937च्या कायद्याने तो पैसा वन्यजीवांकडे व त्यांच्या रानाकडे वळतो; मारण्याबद्दल माझ्या मनात जी टोचणी आहे ती याने जात नाही, थोडी बोथट होते.

सोळा अगदी संपलेली नाही. ब्राउनिंगने 2016मध्ये स्वीट सिक्स्टीन हे आपलं जुनं, लाडकं नाव पुन्हा बाजारात आणलं. जर्मनीत तर सोळाला बराच काळ मान होता. पण म्हातारबांच्या ओळखीतले सोळावाले बघितले की वाटतं, यांना ती मुबलक मिळायला लागली तर ते अठ्ठावीसकडे जातील. दुर्मीळपणाचीही एक चव असते, आणि तिला छर्ऱ्यांच्या गणिताचा आधार मिळाला की माणूस निर्धास्त होतो.

मी वीस घ्यायचं ठरवलं. काडतुसं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, आणि तळघर मला संसारासाठी हवं आहे. म्हातारबांना भीतभीतच सांगितलं. ते रागावले नाहीत. "घे की. पण सहा पौंडांच्या वर जाऊ नकोस," म्हणाले, आणि गॅरेजमधून माझा हातकाटा आणून दिला. तो घेऊनच दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने बंदूक रिकामी असल्याची खात्री करून दाखवली, मी तिला पट्टा अडकवून काट्याला लावलं. तीन किलोला टेकत होती. दुसरी त्याहून थोडीच कमी. वीसच्या होत्या, चकचकीत होत्या, आणि दोन्ही म्हातारबांच्या सोळापेक्षा जड. तिसरी काढ म्हटलं.