सरळ रेघ

माझ्या काही चुका मी चारचौघांत हसत सांगतो. रास्पबेरी पायच्या बोर्डावर ॲनालॉग सिग्नल वाचायची सोयच नसते, हे मला लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड घेऊन, कसारा लोकलने आसनगावला उतरून, शहापूरला घरी खोका फोडल्यावर कळलं. कन्व्हर्टरसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा मुंबई. एकदा लाईट गेली नि मेमरी कार्डच बसलं. अशा चुकांचा हिशेब पैशात मिटतो. मुरबाडचा मिटला नाही.

मुरबाड एमआयडीसीत पावडर कोटिंगचा एक छोटा कारखाना होता. रंगाची पूड भट्टीत वितळून लोखंडावर घट्ट बसायची, तर माल 180 ते 200 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं राहावा लागतो. भट्टीचं तापमान सुपरवायझर काका तासातासाला रजिस्टरात लिहायचे. ते काम मी बोर्डाकडे दिलं.

कारखान्यांत सेन्सरचं माप 4 ते 20 मिलिअँपिअर करंटवर पाठवतात. माझ्या जोडणीत 0 अंशाला 4 आणि 400 अंशांना 20. तो करंट 150 ओहमच्या रेझिस्टरमधून नेला की 0.6 ते 3 व्होल्ट मिळतात, ते कन्व्हर्टर वाचतो. सुरुवात शून्याऐवजी 4 वरून करतात ती यासाठीही की तार तुटली तर करंट शून्यावर येतो, आणि भट्टी थंड आहे की तार गेलीय हे ओळखता येतं. हे मला पाठ होतं.

मालकांना दाखवायच्या दिवशी टर्मिनलचा एक स्क्रू सैल होता. आलेख मध्येच धाडकन खाली यायचा, परत वर जायचा. मला लाज वाटली. त्या रात्री प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: करंट 4 च्या खाली गेला तर तो आकडा टाकून द्यायचा, आधीचा धरून ठेवायचा. पुढच्या खेपेला स्क्रू आवळला, ओळ मात्र राहू दिली. आलेख देखणा झाला. मग मीच काकांना म्हटलं, “आता रजिस्टर कशाला लिहिता?”

पावसाळ्यात एका रात्री वीज गेली आणि झटक्यात परत आली. भट्टीचा बर्नर ट्रिप झाला. तो हाताने रीसेट करावा लागतो. बोर्डाला मी यूपीएस दिला होता, सेन्सरचं माप करंटवर पाठवणाऱ्या ट्रान्समीटरचा 24 व्होल्टचा पुरवठा मात्र साध्या लाईनवर ठेवला होता. चार पैसे वाचवले होते. त्याचा फ्यूज उडाला. तार मेली, बोर्ड जागा. स्क्रीनवर 196 अंश. रात्रपाळीची पोरं स्क्रीन बघून माल आत-बाहेर करत राहिली.

सकाळी मला फोन आला. मी पोचलो तेव्हा काकांनी फडकं थिनरमध्ये बुडवून एका ब्रॅकेटवर घासलं. रंग फडक्यावर आला. मग स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाले, “भाऊ, भट्टी कधी इतकी सरळ चालते का?”

रात्री दीडपासून पहाटेपर्यंत आलेखात एकच सरळ रेघ होती. काकांनी जुनं रजिस्टर उघडलं. 192, 198, 189, 201. उघडलेल्या पानावर लागोपाठ दोन आकडे सारखे नव्हते.

मालकांना मी फ्यूज उडाल्याचं सांगितलं. ते खरंच होतं. त्या ओळीचं सांगायला मला आठ दिवस लागले, आणि तोवर ते रंग खरवडून माल पुन्हा भट्टीत घालत होते.

आता करंट 3.6 च्या खाली गेला की भोंगा वाजतो आणि आलेखात मोकळी जागा पडते. ट्रान्समीटरही यूपीएसवर आहे. मध्यंतरी मालकांनी विचारलं, “ही रेघ इथं तुटलीय ती का?” म्हटलं, “तेवढा वेळ आपल्याला काही कळत नव्हतं.” पलीकडे काका रजिस्टरात दुपारचा आकडा लिहीत होते.