डग्ग्याला घर

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. ज्याने ही म्हण काढली त्याच्या घरी सबवूफर नसणार. नाही तर त्याने तिसरे कलम घातले असते. सबवूफरसाठी पेटी निवडणे म्हणजे घर बांधणे आणि स्थळ पाहणे ही दोन्ही कामे एकदम अंगावर घेणे. आत राहायला येणारा दहा इंची, काळाकुट्ट, गंभीर चेहऱ्याचा. त्याची पत्रिका पाहायची, त्याला जागा किती लागेल ते पाहायचे आणि तो शेजाऱ्यापाजाऱ्यांशी कसा वागेल, हेही पाहायचे!

या वयात ही उठाठेव कशाला, असे तुम्ही विचाराल. उत्तर एवढेच, की अण्णांसाठी. माझे वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. उमेदीत नोकरी सांभाळून ते तबला वाजवीत. म्हातारपणी कान बहुधा वरचे, बारीक आवाज आधी सोडतो. खालचे, घुमारदार आवाज त्या मानाने पुष्कळ काळ सोबत करतात. चाटेवरचा 'ना' अण्णांना आता पुसट येतो. डग्गा ओळखीचा राहिला होता; पण आमच्या कपाटावरच्या स्पीकरचे पडदे चार इंचांचे. ते नेमका डग्गाच गिळून टाकीत. वरचे कानाने नेले, खालचे यंत्राने नेले. एका संध्याकाळी अण्णा शांतपणे म्हणाले, "बंद कर रे. नुसती टकटक ऐकू येते." जन्मभर ठेका धरलेल्या माणसाने तबला बंद करायला सांगावे, हे मला पाहवेना. मी सबवूफरच्या मागे लागलो तो त्या दिवसापासून.

स्पीकर आणला तर पेटी कशाला हवी? कारण स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची विरळ होते. चाळीस हर्ट्झच्या स्वराची लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. तिला वीतभर पडद्याला वळसा घालायला कितीसा वेळ? पुढचे आणि मागचे एकमेकांना भेटतात आणि जमाखर्च शून्य! म्हणून मागच्या आवाजाला कोंडायचे किंवा वळण लावून कामाला जुंपायचे. पेट्यांचे प्रकार अनेक आहेत, पण घरगुती माणसापुढे खरी निवड या दोनच घराण्यांची.

पहिले घराणे बंद पेटीचे. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ साली ते नावारूपाला आणले. आत कोंडलेली हवा हीच स्प्रिंग. पडदा जरा बाहेर गेला की ती त्याला परत ओढते. दुसरे घराणे भोकाच्या पेटीचे. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर घातली तर ती 'हूं' म्हणते, तेच हे तत्त्व. भोकात बसवलेल्या नळीतली हवा ठरावीक स्वराला डुलू लागते आणि पडद्याच्या मदतीला येते. त्या स्वराच्या आसपास आवाज मोठा मिळतो, सिनेमातला स्फोट जोरदार होतो. मात्र त्या स्वराखाली हीच पेटी सप्तकामागे २४ डेसिबल कोसळते. पडदा निराधार होऊन वाजवीपेक्षा जास्त हलू लागतो. बंद पेटी १२ डेसिबलनेच उतरते. एक जिना उतरते, दुसरी कठड्यावरून उडी घेते, इतका फरक!

पत्रिकेची सोयही शास्त्रज्ञांनी करून ठेवली आहे. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतर जे आकडे मांडले, ते स्पीकरच्या माहितीपत्रकात छापलेले असतात. आमच्या उमेदवाराचा मूळ स्वर २८ हर्ट्झ, क्यू ०·४५ आणि हवेचे माप ६० लिटर. गणित केले तेव्हा ४१ लिटरची बंद पेटी जुळली. म्हणजे पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन जार. भोकाची करायची तर याहून बरीच मोठी झाली असती. "त्यापेक्षा दिवाणखान्यात एक गोदरेजचं कपाटच आणा," असा अभिप्राय आतून आला. लहान पेटी, खोल स्वर आणि मोठा आवाज या तिन्हींतली दोनच मिळतात, असा हॉफमन नावाच्या तंत्रज्ञाचा नियम आहे. आम्ही मोठा आवाज सोडला. खालच्या मजल्यावर एक आजारी गृहस्थ झोपून असतात आणि खर्जाला स्लॅब अडवू शकत नाही.

पण माझे मन वळले ते दुसऱ्याच कारणाने. डग्ग्याला भोक नसते! तोंडावर ताणलेले कातडे आणि आत कोंडलेली हवा. शिवाय डग्ग्याचे सौंदर्य जितके घुमण्यात, तितकेच थांबण्यात आहे. मनगटाने दाबून स्वर चढवला आणि पंजा टेकवला, की तो तिथेच मिटला पाहिजे. भोकाच्या पेटीत त्या ठरलेल्या स्वराची शेपटी मागे रेंगाळू शकते.

सुतारमामांना अठरा मिलिमीटरचा प्लाय दाखवला. आतले माप ३६ बाय ३६ बाय ३२ सेंटिमीटर.

"दार कुठल्या बाजूला?"

"दार नाही, मामा."

"मग आत ठेवणार काय?"

"हवा."

त्यांनी माझ्याकडे एकदा आणि आमच्या हिच्याकडे एकदा सहानुभूतीने पाहिले. काम मात्र चोख केले. सांध्यांना भरपूर सरस, मधोमध आडवी पट्टी, स्पीकरच्या कडेला रबराची चकती. कुठूनही वारा निसटता कामा नये. आत उशीचा पॉलिस्टर कापूस पसरला. पेटीखाली रबरी पाय लावले आणि शंभर हर्ट्झच्या खालचेच स्वर तिच्याकडे सोपवले. कोपऱ्यात ठेवली तर आवाज फुगतो, म्हणून हात-दीड हात बाजूला ठेवली. खाली जाऊन त्या गृहस्थांच्या खोलीत उभा राहिलो, वरून मुलीने तबला लावला. ते म्हणाले, "काही लावलंय का?" मग आवाजाच्या बटणावर तिथेच खडूची खूण केली.

अण्णांना काही सांगितले नव्हते. विलंबित तीनताल सुरू झाला. ते उठून पेटीजवळ गेले आणि तिच्या माथ्यावर पंजा ठेवून उभे राहिले. खालीचा 'ता' गेला, भरीचा 'धा' आला. तीन आवर्तने झाली. मग माझ्याकडे वळून, शिकवणीतल्या पोराला सांगावे तसे म्हणाले,

"डग्गा जरासा उतरलाय त्याचा. वाजवतोय मात्र छान."