मुक्कामाची जागा

‘मुक्काम’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. पण आपण तो इतका घरचा करून टाकला आहे, की पाकिटावर गावाच्या नावाआधी ‘मु. पो.’ लिहिल्यावाचून आपला हात पुढे सरकत नाही. वारकऱ्याच्या वाटेवर पालखीचा तळ ठरलेला असतो. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगराला कोणाच्या शेतात बसायचे ते ठाऊक असते. अडचण होते ती तुमच्या-आमच्यासारख्यांची. आपल्याला मुक्कामाची गरज नसते, हौस असते. आणि हौसेला जागा शोधून देणे हे गरजेला जागा शोधून देण्यापेक्षा फार कठीण काम आहे, हे मला दोन उन्हाळ्यांपूर्वी कळले.

परीक्षेचे पेपर तपासून झाले, की मे महिन्यात आमच्या घरी एक ठराव मांडला जातो. पुण्यापासून चार-पाच तासांच्या आत, मोकळ्या आकाशाखाली, तंबू ठोकून एक रात्र काढायची. ठराव एकमताने मंजूर होतो. भांडण जागेवरून होते. त्या वर्षीही नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. थोरलीला समुद्र हवा होता. मेमधल्या कोकण किनाऱ्यावर रात्रीसुद्धा अंगाला चिकटणारी ती हवा आठवून ह्यांनी हात जोडले. ह्यांचे मत महाबळेश्वरला पडले. तिथे थंडावा आहे हे खरे, पण मे महिन्यात तिथे मोटारींचाच तळ पडलेला असतो. आपला कुठे टाकायचा? धाकट्याला किल्ला हवा होता, तर अण्णांचे गुडघे आणि त्यांची तीन वर्षांपूर्वी रुंद केलेली हृदयवाहिनी यांना किल्ला नको होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. वय एकोणऐंशी. पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर म्हणून लागले, तेव्हापासून नोकरीची पहिली दहा-बारा वर्षे त्यांनी राहुट्यांत काढली. कालव्यांची मोजणी, धरणांच्या जागांची पाहणी आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हजारो माणसांच्या कामावर देखरेख. लहानपणी आम्हांला हे पुरुष सुटीत येणारे पाहुणे वाटत. त्या वर्षी नकाशाभोवती आमचा गोंधळ चालला असता ते वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, “मी येतो. पण या वेळी जागा मी बघणार.”

हे ‘या वेळी’ मला उद्देशून होते. आदल्या उन्हाळ्यात जागा मी निवडली होती, आणि तीही छायाचित्रे पाहून. पवनेच्या जलाशयाकाठची एक जागा. चित्रात निळे पाणी, मागे तुंग आणि तिकोना, पुढे पिवळा तंबू. प्रत्यक्षात तसले पिवळे तंबू चाळीस होते, चाळीतल्या खोल्यांसारखे एका ओळीत. झाड एकही नव्हते. ध्वनिक्षेपकावर रात्री एकपर्यंत गाणी चालली होती आणि सकाळी सातला तंबू असा तापला, की आम्ही उकडलेल्या बटाट्यासारखे बाहेर आलो. अण्णा तेव्हा बरोबर नव्हते, पण त्यांनी सगळे ऐकून एवढेच विचारले होते, “तू तिथे उभी राहून दुपारी तीनची सावली पाहिली होतीस का?”

आता त्यांनी कॅलेंडरचे जुने पान घेतले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर प्रश्न लिहिले. दुपारी तीनला सावली कोणाची आणि कोणत्या बाजूने? वारा कुठून येतो? वळवाचा पाऊस आला तर पाणी कुठून वाहील? जमीन कोणाची, आणि त्याला विचारले आहे का? डॉक्टर किती दूर? या सर्वांच्या वर, दोन रेघा ओढून, पहिला प्रश्न होता: तिथल्या बायका मे महिन्यात पाणी कुठून आणतात?

“अण्णा, आपण तलावाकाठीच जाणार आहोत,” धाकटा म्हणाला.

“म्हणूनच विचारतोय.”

शेवटी भंडारदऱ्यावर बोट टेकले. थोरलीला काजवे पाहायचे होते, आणि मेच्या अखेरीपासून पाऊस नीट लागेपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांत त्या खोऱ्यातली झाडे काजव्यांनी लखलखतात. उंची अडीच हजार फुटांच्या आसपास, म्हणजे रात्री पांघरूण लागेल. राजूरचा दवाखाना अर्ध्या तासावर. ठाण्याहून माझ्या भावाचा फोन आला, “ताई, तिथे अण्णांना काही झालं तर जबाबदार कोण?” मी “मी” म्हणाले खरे, पण फोन ठेवल्यावर तो शब्द बराच वेळ पोटात दगडासारखा पडून राहिला. अण्णांनी ऐकले होते. ते म्हणाले, “त्याला सांग, मी घरी पलंगावर असतानाही काही होऊ शकतं. तिथे निदान हवा बरी असेल.”

निघताना त्यांनी वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरून गाडीत ठेवायला लावले. “धरणावर जाताना पाणी न्यायचं, म्हणजे नाशिकला द्राक्षं नेण्यासारखं झालं,” हे म्हणाले. अण्णांनी उत्तर दिले नाही. पाटबंधारे खात्यातल्या माणसांना न बोलता काम पुढे रेटण्याची सवय असते.

पहाटे पाचला निघालो. चाकण-मंचरची वर्दळ उजाडायच्या आत मागे टाकली, नारायणगावला मिसळ झाली, आळेफाटा ओलांडून चंदनापुरीच्या घाटातून संगमनेरला उतरलो. इथून रस्ता प्रवरेच्या सोबतीने पश्चिमेकडे वळतो. अकोले गाठेपर्यंत दोन्ही बाजूंना उसाचे मळे होते. अण्णा खिडकीतून पाहत सांगू लागले. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९१० मध्ये बांधायला घेतले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. त्याच्या कालव्यांनी खालच्या मुलखात ऊस आणला, आणि त्या उसावर पुढे प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. धाकटा विचारतो, “मग वरच्या लोकांना काय मिळालं?” अण्णा म्हणाले, “ते आपण आज बघू.”

विठ्याचा घाट चढून राजूर मागे टाकले आणि मुलूख एकदम बदलला. ऊस संपला. भाजलेल्या विटेच्या रंगाचे डोंगर, मधूनच हिरड्याची आणि आंब्याची गर्द झाडे, आणि रस्त्याच्या कडेला पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसलेली पोरे. उजव्या अंगाला कळसूबाई होती, १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. माथ्यावरचे देऊळ ठिपक्याएवढे दिसत होते. जलाशय दिसला तेव्हा मात्र मुलांचा विरस झाला. मेमध्ये पाणी खाली गेलेले असते आणि काठाला भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्या पट्ट्यावर, एका कोरड्या ओढ्याच्या तोंडाशी, दहा-बारा तंबू लागले होते. पाणी हाताशी, समोर रतनगड; चित्र अगदी सुरेख होते. मी आशेने अण्णांकडे पाहिले.

ते गाडीतून उतरले, काठी टेकीत ओढ्यापर्यंत गेले आणि परत आले. “सावली नाही. डास चावतील. जनावरं पाण्यावर येतात ती याच वाटेनं. आणि ओढा कोरडा दिसतो, तो फक्त आजच्यापुरता. वरच्या डोंगरावर वळीव पडला, तर इथे पाऊस न पडताही पाणी येतं.”

१९८६ पासून हा सगळा टापू अभयारण्यात आहे. वाटेल तिथे खुंट्या ठोकता येत नाहीत, ठोकूही नयेत. म्हणून रतनवाडीच्या बाजूला, चढावरच्या एका वाडीत, आम्ही एका घरी विचारले. वाडीचे नाव मुद्दामच देत नाही. तिच्या अंगणात एका वेळी एकच कुटुंब मावते. घरधनी महादेव कोळी, पन्नाशीतला, बोलायला मोजका. घरामागे आंब्याचे जुने झाड पश्चिमेला होते, म्हणजे तिसऱ्या प्रहरी अंगणात सावली. जमीन किंचित उताराची. अण्णांनी झाडाच्या वाळक्या फांद्या न्याहाळल्या आणि तंबू बुंध्यापासून चांगला वीस पावले दूर लावायला सांगितले. दगड उलटून विंचू पाहिले. तोंड वाऱ्याला पाठ करून. मग तंबूभोवती वीतभर खोल चर खणायला धाकट्याला बसवले. “आकाशात ढग नाही, अण्णा!” तो कुरकुरला. “ढग आल्यावर चर खणत नसतात.”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चारच्या सुमारास आपल्या पायांनी चालत आले. घरातली सून डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर कळशी घेऊन चढ चढत होती. वाडीची विहीर एप्रिलातच आटते. मग खालच्या झऱ्यावर जायचे, आणि तिथे वाटी-वाटीने हंडा भरेपर्यंत बसायचे. एका खेपेला दीड तास. दिवसाच्या तीन खेपा. खाली तो जलाशय चकाकत होता.

“धरण आमच्या दारात हाय, ताई,” घरधनी म्हणाला, “पन पानी वर चढत न्हाई.”

मी नुकतेच त्यांच्या रांजणातले पाणी घेऊन पाय धुतले होते. चांगले दोन तांबे. कोणी काही बोलले नाही. अण्णा उठले, गाडीतला एक कॅन ह्यांच्याकडून उचलवून घेतला आणि त्या रांजणात ओतवला. “मुक्कामाला जाणाऱ्यानं आपलं पहिल्या दिवसाचं पाणी घेऊन जावं,” ते नंतर मला एकटीला म्हणाले. “बाहत्तर साली आमच्या राहुटीला पाणी बैलगाडीनं यायचं. साहेबांच्या अंघोळीचं. खडी फोडणाऱ्या बायका त्या गाडीकडे बघायच्या. काही मागायच्या नाहीत. फक्त बघायच्या.” इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितले नव्हते.

रात्री घाटघरच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागली. काजवे पाहायला आलेली माणसे दिवे लावून काजवे शोधत होती. काजव्याचा उजेड हे त्याचे बोलणे असते. नर लुकलुकतो आणि मादी उत्तर देते. त्यात आपण मोटारीचे दिवे सोडले, तर ते भर संभाषणात ढोल बडवण्यासारखे होते. आम्ही गेलो नाही. विजेऱ्या मालवून अंगणातच बसलो. पहिली पंधरा मिनिटे काहीच दिसले नाही. मग आंब्यात एक ठिणगी, मग चार, मग सबंध झाड एका लयीत पेटू आणि विझू लागले. थोरली, जी एरवी घटकाभर गप्प बसत नाही, ती अण्णांच्या बाजेला टेकून तासभर गप्प होती. अण्णांनी तंबूत निजायला साफ नकार दिला होता.

मध्यरात्र उलटल्यावर मला जाग आली. बाज रिकामी होती.

त्या क्षणी भावाचा प्रश्न अक्षरशः कानात वाजला. मी अनवाणी बाहेर धावले. तंबूच्या मागे दोन आकृत्या वाकलेल्या दिसल्या: अण्णा दोर ताणून धरत होते आणि घरधनी दगडाने खुंटी ठोकीत होता. “पश्चिमेला वीज दिसली,” अण्णा शांतपणे म्हणाले. “मुलांना उठव. पडवीत चला. तंबू राहील, पण विजांत माणसांनी छपराखाली असावं.”

पाच मिनिटांत वळीव कोसळला. पडवीत आम्ही सारे, त्यांची शेळी आणि दोन करडे, असे दाटीवाटीने बसलो. खाली काठावर विजेऱ्या सैरावैरा पळताना दिसल्या. ओढ्याला पाणी आले होते. सकाळी कळले, की माणसे सगळी सुखरूप वर आली, पण चार तंबू आणि अंथरुणे वाहून गेली. त्यात आपण शहाणे ठरल्याचा आनंद मला झाला नाही. आदल्या वर्षी जागा निवडणारी मी असते, तर आम्ही तिथेच असतो.

पण त्या रात्रीचे खरे दृश्य ते नव्हे. पावसाचा पहिला आवाज होताच घरातली सून झटकन उठली, आणि घरात होते नव्हते तेवढे हंडे, कळशा, पातेली, घमेले, सगळे तिने पागोळ्यांखाली मांडले. कौलांवरचे पाणी त्यांत पडू लागले. पहिले गढूळ पाणी तिने फेकून दिले, दुसरे भरून घेतले. अर्ध्या तासात पाऊस थांबला तेव्हा सगळी भांडी काठोकाठ होती. ती पदराने तोंड पुसत सासूला म्हणाली, “सकाळची खेप चुकली बगा!” आणि हसली. आमची झोपमोड झाली होती. तिला सुटी मिळाली होती.

सकाळी ती उशिरापर्यंत निजली. सासूनेही तिला उठवले नाही.

निघताना अण्णांनी दुसरा कॅनही तिथेच ठेवला. भावाला फोन लावून दिला, तर त्याला म्हणाले, “झोप झाली नाही, पण बरं वाटतंय.” मग गाडीत बसल्या बसल्या डोळे मिटले ते संगमनेरला उघडले.

कॅलेंडरचे ते पान मी जपून ठेवले आहे. यंदा अण्णांना चढ-उतार झेपणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. अण्णा म्हणतात, सपाटीवरची जागा शोध. नकाशा पुन्हा टेबलावर येईल. आपणही, वाचकहो, येत्या उन्हाळ्यात जागा शोधाल. सावली पाहा, वारा पाहा, ओढ्यापासून दूर राहा. पण त्याआधी तो पहिला प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत रांजणाला हात लावू नका.