अंगापलीकडचा गडी

पंधरा-सोळा वर्षांच्या कबड्डीपटूंमध्ये एखादा अंगाने भरलेला मुलगा उतरला, की निवड करणाऱ्याला आपलं अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. रुंद खांदे, दणकट मांड्या, ओठावर मिसरूड. चढाईला गेला तर तिघं अंगावर असतानाही त्यांना ओढत मध्यरेषा गाठतो, पकडीला उभा राहिला तर एकाच धडकेत समोरच्याला मैदानाबाहेर काढतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, गुणफलक त्याच्याच बाजूने बोलतो आणि निवडीच्या कागदावर त्याचं नाव सर्वांत वर जातं. कोकणात सावर्ड्याला लागून असलेल्या डेरवणच्या क्रीडासंकुलात यूथ गेम्सच्या निमित्ताने जिल्ह्याबाहेरचीही मुलं येतात. एकाच वयोगटातली इतकी शरीरं शेजारी शेजारी उभी राहिलेली पाहिली, की हा मोह किती मोठा आहे ते कळतं. माझं म्हणणं असं आहे, की अशा मुलाचं भवितव्य त्याच्या ताकदीवरून जोखता येत नाही. ताकद जिथे कामाला येत नाही तिथे तो काय करतो, यावरूनच ते जोखावं लागतं. हे म्हणणं धिप्पाड मुलाच्या विरोधातलं नाही. त्याला नीट पाहायचं असेल तर याखेरीज दुसरी वाट मला दिसत नाही.

याचं पहिलं कारण शरीराच्या वाढीत आहे. मुलग्यांच्या उंचीचा सर्वांत वेगवान टप्पा सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, पण ती सरासरी झाली. कुणाचा तो बाराव्या वर्षीच येऊन जातो, कुणाचा सोळाव्या वर्षापर्यंत रेंगाळतो. स्नायूंची ताकद उंचीच्या मागून, काही महिन्यांनी ते वर्षभराने भरते. म्हणजे जन्मदाखल्यावर दोघांचं वय पंधराच असलं, तरी एकाचं शरीर जवळजवळ पुरुषाचं आणि दुसऱ्याचं अजून मुलाचं असू शकतं. त्या दिवशी दिसणारा फरक हा पुष्कळदा गुणवत्तेचा नसून घड्याळाचा असतो. कॅनडातल्या आईस हॉकीपटूंच्या जन्मतारखा १९८५मध्ये संशोधकांनी तपासल्या, तेव्हा वरच्या पातळीवरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दिसली. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जात होता. जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षभराने थोराड होता आणि निवडणाऱ्यांनी त्या थोराडपणालाच प्रतिभा मानलं होतं. आपल्याकडे क्रिकेट मंडळ सोळा वर्षांखालच्या गटासाठी मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचं वय तपासतं. त्याचा हेतू वयचोरी पकडण्याचा आहे, पण त्यातून निवड करणाऱ्यालाही एक गोष्ट शिकता येते. दाखल्यावरचं वय आणि शरीराचं वय हे दोन वेगळे आकडे आहेत. कोकणात या अंतरात पोषणाचीही भर पडते. डेरवणच्याच वालावलकर रुग्णालयात या भागातल्या किशोरवयीन मुलींच्या कृशपणाचा अभ्यास झाला आहे, आणि ज्या घरात मुलगी अंगाने कमी भरते त्या घरातल्या मुलाचं ताटही फारसं वेगळं नसतं. अपुऱ्या पोषणाने वाढ उशिरा होते. त्यामुळे इथला पंधरा वर्षांचा हडकुळा मुलगा कायमचा हडकुळा राहील, असं धरून चालणंच चुकीचं ठरतं.

कबड्डीला हा प्रश्न नवा नाही. शरीरांतली विषमता सावरण्यासाठी खेळाने वजनाची मर्यादा आणली. वीस वर्षांखालच्या कुमार गटात ती बरीच वर्षं ७० किलोची होती, किशोर गटात त्याहून कमी. पण काटा वजन सांगतो, वाढ कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगत नाही. ज्याची वाढ पुरी होत आली आहे असा बुटका, घट्ट बांध्याचा मुलगा आणि अजून दोन वर्षं वाढणार असलेला लांब हाडाचा मुलगा काट्यावर एकच आकडा दाखवतात. उलट वाढत्या वयाच्या दणकट मुलाला काट्यात बसवायचं म्हणून स्पर्धेआधी उपाशी ठेवणं, पाणी तोडणं हे प्रकार होतात. ज्या ताकदीवर भाळून त्याला निवडलं तिचीच मुळं त्यातून कापली जातात. शिवाय मुलाबरोबर मैदानही वाढतं. किशोर गटाचं मैदान ११ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, पुरुषांचं १३ बाय १०. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर ८८ चौरस मीटरचं १३० होतं, जवळजवळ दीडपट. सामनाही १५-१५ मिनिटांवरून २०-२० मिनिटांचा होतो. लहान मैदानात ज्याच्या लांब हातांनी आणि रुंद छातीने निम्मी जागा व्यापली जाते, त्याला मोठ्या मैदानात ती जागा पायांनी व्यापावी लागते. पाय चालत नसतील तर पंधराव्या वर्षीचा राजा अठराव्या वर्षी उभ्या खांबासारखा दिसू लागतो.

मग पाहायचं काय? कोपरारक्षकाची घोटा पकड घ्या. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो. पाय हवेत असताना त्यावर झडप घातली तर तो मागे खेचला जातो आणि रक्षकाची बोटं घोट्यावरून निसटतात. तोच पाय टेकला, अंगाचा भार त्यावर आला, की तो क्षणभर खिळतो आणि पकड होते ती त्या क्षणातच. चांगला कोपरारक्षक तोवर थांबतो. गुडघे वाकलेले, हात आवरलेले, नजर चढाईपटूच्या चेहऱ्यावर नाही तर कमरेवर, कारण चेहरा हुलकावणी देतो आणि कंबर सहसा देत नाही. मग एक हात टाचेमागे, एक पुढून, खांदा नडगीला भिडलेला. यात ताकद लागते, पण ती शेवटच्या अर्ध्या सेकंदाला. त्याआधीचं सगळं वाचन आहे. दणकट मुलाला त्याच्या वयोगटात हे वाचन करावंच लागत नाही. तो उशिरा पोचला तरी कमरेला मिठी मारून माणूस खाली आणतो. त्याच्या खात्यात गुण जमा होतो, कौशल्य होत नाही. चढाईचंही तसंच आहे. तीस सेकंदांच्या चढाईत दोघांना ओढत आणून मिळवलेले दोन गुण आणि पायाच्या अंगठ्याने गडी टिपून, कुणाच्या हाती न लागता मिळवलेला एक गुण यांत निवड करणाऱ्याने दुसऱ्याची किंमत जास्त धरायला हवी. पहिले दोन गुण समोरच्यांची शरीरं भरेपर्यंतच टिकणारे असतात. म्हणून मी तीन गोष्टींकडे पाहायला सांगेन. पहिली पकड फसल्यावर हा मुलगा साखळीतल्या जोडीदाराच्या मदतीला कुठे जातो. चढाईत वळताना त्याचा मागचा पाय किती लवकर सुटतो. आणि दमल्यावर, शेवटच्या पाच मिनिटांत, त्याचे गुडघे वाकलेले राहतात की तो ताठ उभा राहू लागतो.

यावर सर्वांत बळकट आक्षेप असा, की कबड्डी हा अंगाला अंग भिडण्याचा खेळ आहे, त्यात शरीराला दुय्यम कसं मानता येईल? आक्षेपात तथ्य आहे आणि पुरावाही आहे. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८च्या प्रो कबड्डीत यू मुंबाकडून आपल्या पहिल्याच हंगामात चढाईचे २१८ गुण घेऊन गेला. त्याच्या उंच, भक्कम अंगाकडे पाहूनच लोक त्याला बाहुबली म्हणू लागले. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य फेरीत भारताला हरवून सुवर्णपदक नेलं, आणि इराणच्या रक्षकांची ताकद सगळ्या जगाने पाहिली. पण या दोन्ही उदाहरणांकडे जवळून पाहा. फजल अत्राचलीसारख्या इराणी कोपरारक्षकाचं बळ आधी त्याच्या थांबण्यात आहे, मग हातात. सिद्धार्थची ताकद वरिष्ठ गटात, पूर्ण वाढलेल्या पुरुषांसमोर सिद्ध झाली; लहान मुलांना ओढून मिळवलेली ती नव्हती. आणि पुढे खांद्याच्या दुखापतीने त्याचे हंगाम अडवले, तेव्हा ओढून गुण घेण्याच्या खेळात शरीर किती महाग पडतं तेही दिसलं. दुसऱ्या बाजूला अनुप कुमार आहे. बोनस आणि पायाचा स्पर्श या दोन शांत हत्यारांवर त्याने वर्षानुवर्षं चढाया केल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आहे. धिप्पाड नसलेल्या या गड्याने २०२४मध्ये पुणेरी पलटणला विजेतेपद मिळवून देताना संघाचं नेतृत्व केलं. या सगळ्यांवरून मी काढतो तो निष्कर्ष एवढाच: शरीर हा गुणाकार आहे. गुणायला आधी काही असावं लागतं.

दुसरा आक्षेप अनुभवी प्रशिक्षकांचा असतो आणि तो मला जास्त विचार करायला लावतो. कौशल्य शिकवता येतं, उंची शिकवता येत नाही; मग हाड घ्या, खेळ आपण घालू. आईस हॉकीत याचं एक नामांकित उदाहरण आहे. स्लोव्हाकियाचा झ्देनो खारा, पावणेसात फूट उंच. व्यावसायिक लीगच्या १९९६च्या निवडीत त्याचा क्रमांक ५६वा लागला. स्केट घालून तो जडपणे हलतो अशी शंका होती. त्याने वर्षानुवर्षं पायांवर काम केलं आणि २०११मध्ये बॉस्टनचा कर्णधार म्हणून स्टॅनली चषक उचलला. उदाहरण खरं आहे, पण ते आक्षेपापेक्षा माझ्याच बाजूने अधिक बोलतं. खारा मोठा झाला तो उंचीवर विसंबून राहिला नाही म्हणून. तेव्हा थोराड मुलाबाबत विचारायचा प्रश्न हा, की त्याला शिकायची गरज वाटते का? ज्याला दहा वर्षांचा असल्यापासून प्रत्येक सामना ताकदीवर जिंकता आला, त्याला गुडघे वाकवायला सांगितलं तर ते त्याला निरर्थक वाटू शकतं. हाड घेऊन खेळ घालता येतो, पण तो घालून घेणारं मन हाडाबरोबर आपोआप येत नाही. ते तपासण्याचा मार्गही अवघड नाही. सरावात त्याला धडक आणि मिठी बंद करा, फक्त घोटा पकड मोकळी ठेवा, आणि हरू लागल्यावर तो चिडतो, खांदे पाडतो की पुन्हा गुडघे वाकवून उभा राहतो ते पाहा. पहिल्या दिवशी तो हरेलच. दुसऱ्या दिवशी थोडा कमी हरला, तर त्या मुलात गुंतवलेली वर्षं वाया जाणार नाहीत.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. निवड चाचणीला दोन दिवस मिळतात, संघ पुढच्या महिन्यात स्पर्धेला जायचा असतो, मंडळाला चषक हवा असतो. एवढ्यात कुणाची वाढ कुठवर आली ते कोण पाहणार? हा दबाव खरा आहे आणि तो कुणा एकाचा दोष नाही. कोकणात तर निवडीचा अर्थ चषकापुरता राहत नाही. इथला मुलगा कबड्डीच्या जोरावर मुंबईच्या एखाद्या बँकेच्या किंवा कंपनीच्या संघात जातो, खेळाच्या कोट्यातून नोकरी मिळवतो आणि घर उभं राहतं. चिपळूण तालुक्यातल्या कोळकेवाडीचा शुभम शिंदे उजव्या कोपऱ्यावरून प्रो कबड्डीपर्यंत पोचला, हे इथल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. इतकं काही पणाला लागलेलं असताना निवड घाईची असून चालत नाही. दोन दिवसांतही काही गोष्टी करता येतात. मुलाची उंची, बसल्यावरची उंची आणि वजन मोजायला पाच मिनिटं लागतात आणि त्यावरून वाढीचा वेगवान टप्पा गेला की यायचा आहे याचा ढोबळ अंदाज बांधता येतो. आईवडिलांची उंची विचारता येते. इंग्लंडच्या फुटबॉल अकादम्यांनी वयाऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले, तसा एखादा सामना इथेही खेळवता येईल. थोराड मुलाला त्याच्याच ताकदीच्या मोठ्या मुलांसमोर उभं करा, उशिरा वाढणाऱ्याला त्याच्या जोडीच्या मुलांत. पहिल्याला प्रथमच डोकं लावावं लागेल, दुसऱ्याला प्रथमच आपलं कौशल्य दाखवायला जागा मिळेल. आणि संघ निवडल्यावर राखीव यादीत दोन नावं अशी ठेवा, जी आज हरतील पण योग्य वेळी योग्य जागी पोचतात. पुणेरी पलटणने युवा संघात मुलं वर्षानुवर्षं सांभाळून विजेता संघ घडवला. तिथे पैसा होता हे खरं, पण वाट पाहण्याची तयारी पैशाने येत नाही.

अंगावरून निवडण्यात अन्याय फक्त हडकुळ्या मुलावर होतो असं मानलं जातं. मला तो दोघांवरही तितकाच झालेला दिसतो. हडकुळा मुलगा पंधराव्या वर्षी यादीबाहेर राहतो, सराव सोडतो, आणि सतराव्या वर्षी त्याची हाडं भरतात तेव्हा तो मैदानावर नसतो. थोराड मुलगा यादीत सर्वांत वर असतो, त्याला कुणी काही शिकवत नाही, आणि एकोणिसाव्या वर्षी बाकीचे त्याच्या बरोबरीला येतात तेव्हा त्याच्याजवळ दुसरं काही नसतं. तेव्हा लोक म्हणतात, पोराने माती केली. मला वाटतं, त्या मुलाच्या ताकदीचे गुण मोजणाऱ्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं नाही, आणि ती जबाबदारी आमची, निवडणाऱ्यांची आहे. गुणफलक मुलाने किती गडी बाद केले ते सांगतो. कसे बाद केले ते कुणीतरी बाजूला बसून वहीत उतरवावं लागतं. त्या वहीत धिप्पाड मुलाच्या नावापुढे मला एवढी एकच नोंद हवी आहे, की समोरचा त्याच्याइतकाच जड होता तेव्हा त्याने काय केलं. ती जागा कोरी असेल, तर त्याची निवड अजून झालेलीच नाही.